बारा पट्ट्यांची एक फळी

नाशिकमधल्या एका शाळेत प्रयोगशाळेशेजारी एक रिकामी खोली होती. मुलांनी तिथं करवत, रंधा, हातोडी हातात घेऊन काही वस्तू कराव्यात, अशी तिथल्या विज्ञान शिक्षकांची इच्छा होती. त्यासाठी पहिली गरज होती एका भक्कम टेबलाची. ठोकलं तर हलणार नाही आणि घासलं तर वाकणार नाही, असं टेबल हवं. १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड अशी एकसंध सागवानी फळी आज मिळणं कठीण, आणि मिळाली तरी शाळेला परवडणार नाही. पण गावातला एक जुना वाडा त्या वर्षी उतरवला गेला होता आणि त्याच्या तुळया वखारीत विक्रीला आल्या होत्या. त्या चिरून ५ सेंटिमीटर रुंदीच्या बारा पट्ट्या काढायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, की झाली फळी!

मी पॉलिमरवर संशोधन करतो. डिंक हाही पॉलिमरच, म्हणून शिक्षकांनी मला बोलावलं. ऑगस्टचा महिना होता. तुळया वखारीत उघड्यावर पावसात भिजत होत्या. मिस्त्रींनी लाकडाला हात लावून विचारलं, "साहेब, जरा वाळू द्यायचं का?" मी म्हणालो, "शंभर वर्षांचं लाकूड आहे, ते आता कशाला हलतंय?" हे वाक्य पुढं मला चांगलंच महागात पडलं.

टेबल छान झालं. लोखंडी अँगलच्या चौकटीवर फळी ठेवून चारही बाजूंनी स्क्रू आवळले. आणि एप्रिलच्या अखेरीस शिक्षकांचा निरोप आला : फळीला दोन ठिकाणी चिरा गेल्या आहेत. जाऊन पाहिलं तर एका चिरेत पोस्टकार्ड सहज आत जात होतं.

तीन संशयित

शिक्षक म्हणाले, डिंक भेसळीचा असणार. मिस्त्री म्हणाले, क्लॅम्प कमी पडले, दाब पुरेसा बसला नाही. मी मनातल्या मनात लाकडावर संशय घेत होतो, पण स्वतःचंच वाक्य आठवून गप्प बसलो. मग ठरवलं की मतं बाजूला ठेवायची आणि चीर काय सांगते ते पाहायचं.

प्रथम डिंक. डब्यात उरलेल्या त्याच डिंकानं त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवले, दाबून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सांध्यावर पटाशी ठेवून ठोकली. तुकडा फुटला, पण सांध्यात नव्हे, शेजारच्या लाकडात. डिंक निर्दोष ठरला.

मग चिरा. पहिली चीर सांध्याच्या रेषेतूनच गेली होती. तिच्या एका टोकाला हातभर लांबीत डिंकाचा गुळगुळीत, चकचकीत पापुद्रा दिसत होता, त्यावर लाकडाचा एकही तंतू नव्हता. म्हणजे तिथं डिंक समोरच्या पट्टीला नीट भिडलाच नव्हता. मिस्त्रींचं म्हणणं या हातभर लांबीपुरतं खरं होतं. पण त्याच चिरेच्या उरलेल्या भागात दोन्ही बाजूंना फाटलेले तंतू होते. दुसरी चीर तर सांध्यात नव्हतीच. ती एका अखंड पट्टीच्या मधोमध गेली होती. तिथं ना डिंक होता, ना क्लॅम्पचा संबंध. लाकूडच फाटलं होतं. ते कुणी फाडलं?

लाकूड श्वास घेतं

लाकूड म्हणजे लांबट पोकळ पेशींची जुडी. या नळ्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. सेल्युलोजच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. हवा दमट झाली की भिंतीत पाणी शिरतं, साखळ्या एकमेकींपासून थोड्या दूर सरकतात आणि लाकूड फुगतं. हवा कोरडी झाली की उलट घडतं. झाड तोडून दहा वर्षं झाली असोत की शंभर, हायड्रॉक्सिल गट जागेवरच असतात. त्यामुळं जुनं लाकूडही हलतं. माझी चूक नेमकी इथं झाली होती.

लाकडातला ओलावा काढायची रीत सोपी आहे. तुकड्याचं वजन करायचं, मग तो साधारण १०३ अंश सेल्सिअसला वजन घटायचं थांबेपर्यंत भट्टीत वाळवायचा आणि पुन्हा वजन करायचं. समजा, आधी ५८ ग्रॅम भरला आणि नंतर ५०. गेलेलं पाणी ८ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ५०, म्हणजे ओलावा १६ टक्के. आपल्याकडं पावसाळ्यात घरातल्या लाकडाचा ओलावा १५–१६ टक्क्यांपर्यंत चढतो आणि कडक उन्हाळ्यात ७ टक्क्यांच्या आसपास उतरतो. नाशिकचा श्रावण आणि नाशिकचा चैत्र आठवा, म्हणजे यात नवल वाटणार नाही.

पण लाकूड सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. साखळ्या पेशींच्या लांबीच्या दिशेनं मांडलेल्या असल्यानं लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो आडव्या दिशेत. सागवान ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेनं सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडं जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेनं सुमारे २.५ टक्के. हे आकसणं ओलावा ३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होतं. म्हणजे ओलाव्याच्या दर एका टक्क्याला कडेकडेनं सुमारे ०.१९ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेनं सुमारे ०.०८ टक्के.

आता आमच्या फळीचा हिशेब करू. रुंदी ६०० मिलिमीटर, ओलावा १६ वरून ७ वर, म्हणजे ९ टक्क्यांचा फरक. सगळ्या पट्ट्या वलयांच्या कडेनं कापलेल्या असतील तर ६०० × ०.००१९ × ९ म्हणजे सुमारे १० मिलिमीटर. त्रिज्येच्या दिशेनं कापलेल्या असतील तर सुमारे ४ मिलिमीटर. आमच्या पट्ट्या मिश्र होत्या, म्हणजे फळीला कुठंतरी ६–७ मिलिमीटर आकसायचं होतं. आणि लोखंडी चौकट? तापमान २५ अंशांनी बदललं तरी ६० सेंटिमीटर लोखंडाची लांबी ०.२ मिलिमीटरसुद्धा बदलत नाही. फळी आत ओढत होती आणि दोन्ही कडांचे स्क्रू तिला जागचं हलू देत नव्हते. आडव्या दिशेत लाकूड फार कमी ताण सहन करतं (सरपण कुऱ्हाडीच्या एका घावात उभं फुटतं ते याचमुळं). शेवटी सगळ्यांत कमजोर जागी फळी फाटली : एकदा अर्धवट चिकटलेल्या सांध्यात आणि एकदा थेट लाकडात.

गुन्हेगार तर सापडला. त्याचा साथीदार होता आम्हीच घट्ट आवळलेला स्क्रू.

अशीच एक जुनी चौकशी

असाच वाद एकदा फार मोठ्या पातळीवर झाला होता आणि तोही भारतातच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीनं मॉस्किटो नावाचं वेगवान विमान बनवलं. त्याचा सांगाडा आणि पंख लाकडाचे होते : बर्चचं प्लायवुड, बाल्सा, स्प्रूस. सुरुवातीला सांध्यांसाठी दुधातल्या केसीन या प्रथिनाचा डिंक वापरत, पुढं त्याची जागा कृत्रिम रेझिननं घेतली. नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्वेकडच्या आघाडीवर ही विमानं एकामागून एक कोसळली. पंखाचा वरचा पत्रा आतल्या मुख्य तुळईपासून सुटत होता. पहिला संशय डिंकावरच गेला : उष्ण, दमट हवेत केसीनचा डिंक टिकत नाही, असं म्हटलं गेलं. कंपनीचं एक पथक भारतात आलं. डिसेंबर १९४४ मधल्या त्याच्या अहवालात म्हटलं होतं की दोष डिंकाचा नाही, पावसाळी हवेत लाकडाच्या मापात पडणाऱ्या फरकाचा आहे. त्यानंतरच्या आणखी एका तपासणीनं बोट ठेवलं ते कारखान्यातल्या जोडणीवर : काही सांध्यांत भाग एकमेकांना नीट भिडलेच नव्हते.

डिंक, लाकूड, जोडणी. शाळेतल्या टेबलाचे आणि त्या विमानांचे संशयित तेच होते. फरक एवढाच की आमच्या चुकीत फक्त एक फळी गेली, तिथं माणसं गेली.

डिंक नेमकं काय करतो?

पूर्वी सुतार सरस वापरत. जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेलं हे प्रथिन पाण्यात भिजवून गरम करावं लागे आणि गरम असतानाच लावावं लागे. दमट हवेत ते मऊ पडे. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या उद्योगानं फेव्हिकॉल बाजारात आणला आणि हळूहळू सरसाचं भांडं सुतारांच्या कोपऱ्यातून नाहीसं झालं.

या पांढऱ्या डिंकातला मुख्य पदार्थ पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी तो प्रथम तयार केला. दुधात स्निग्धाचे कण तरंगतात तसे या पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून डिंक पांढरा दिसतो. त्यात साधारण निम्मं पाणीच असतं. डिंक लाकडावर लावला की पाणी लाकडात आणि हवेत निघून जातं, कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि पारदर्शक पापुद्रा बनतो. पापुद्रा बनण्यापूर्वी डिंक कापलेल्या पेशींच्या उघड्या तोंडांत थोडा शिरलेला असतो आणि त्याचे रेणू सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांच्या इतके जवळ आलेले असतात की त्यांच्यात आकर्षण निर्माण होतं. हे आकर्षण रेणूच्या आकाराएवढ्या अंतरावरच काम करतं. म्हणून डिंकानं पृष्ठभाग 'भिजवला' पाहिजे.

सागवानात इथं एक अडचण येते. त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात. वाळवी आणि बुरशी त्यामुळंच दूर राहतात, पण रंधलेली बाजू काही दिवस तशीच ठेवली की ही द्रव्यं पृष्ठभागावर येतात आणि डिंकाला दूर ठेवतात. ताज्या रंधलेल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका, तो पसरेल. महिन्यापूर्वीच्या बाजूवर टाका, तो अळवाच्या पानावरल्यासारखा बराच वेळ उभा राहील. म्हणून ज्या दिवशी चिकटवायचं त्याच दिवशी रंधायचं.

दाब कशासाठी आणि किती?

डिंकातलं निम्मं पाणी जाणार, म्हणजे त्याचं आकारमानही जवळपास निम्म्यानं घटणार. मिलिमीटरभर फट डिंकानं भरली तर वाळताना तिच्यात पोकळ्या राहतात. फट जितकी बारीक तितका सांधा चांगला. क्लॅम्पचा दाब पृष्ठभाग जवळ आणतो, मधली हवा बाहेर ढकलतो, डिंक पेशींच्या तोंडांत घुसवतो आणि वाळेपर्यंत काही हलू देत नाही. पण वाकड्या रंधलेल्या पट्ट्या दाबानं सरळ करून चिकटवू नयेत. क्लॅम्प काढल्यावर त्या स्प्रिंगसारख्या कायम सांधा ओढत राहतात आणि हा डिंक सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो.

कठीण लाकडासाठी दर चौरस सेंटिमीटरला १० ते १५ किलोग्रॅम वजनाइतका दाब द्यावा, असं सांगतात. आमचा सांधा १२० × ४ म्हणजे ४८० चौरस सेंटिमीटर. १० किलोग्रॅमनं हिशेब केला तरी ४,८०० किलोग्रॅम! हा आकडा ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. मग क्लॅम्पचा हिशेब करावा. दांडी १० सेंटिमीटर त्रिज्येची, स्क्रूचे आटे ४ मिलिमीटर अंतरावर. एका फेऱ्यात हात ६३ सेंटिमीटर फिरतो, स्क्रू ०.४ सेंटिमीटर पुढं जातो. गुणोत्तर सुमारे १५७. हातानं १० किलोग्रॅम इतकं बल लावलं तर घर्षणाशिवाय १,५७० मिळायला हवं. घर्षण यातलं पाऊण खाऊन टाकतं, तरी ४०० च्या आसपास उरतं. म्हणजे बारा क्लॅम्प हवेत. आमच्याकडं होते पाच. त्यांतून सुमारे ४ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर मिळतो. कडा नीट रंधलेल्या असतील तर पांढऱ्या डिंकाला एवढं चालतं.

वर्गात हमखास विचारावा असा प्रश्न : दोन पट्ट्यांचा एक सांधा दाबायला ४,८०० किलोग्रॅम लागतात, तर बारा पट्ट्यांचे अकरा सांधे दाबायला किती? बहुतेकजण अकरानं गुणतात. उत्तर आहे, तेवढंच! प्रत्येक पट्टी आपल्यावरचा दाब जसाच्या तसा पुढच्या पट्टीला देते. एकामागे एक अडकवलेले ताणकाटे ओढले तर सगळे सारखाच आकडा दाखवतात, तसंच हे. (ताणकाट्यांचं स्वतःचं वजन इथं सोडून दिलं आहे.)

क्लॅम्पमधलं अंतरही ठरवता येतं. क्लॅम्पच्या टोकापासून दाब दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत पसरतो असं धरतात. पट्टी ५ सेंटिमीटरची, तर पहिल्या सांध्यावर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना मिळून फक्त १० सेंटिमीटर भाग दाबला जातो. पहिल्या वेळी आमचा टोकाचा भाग सुटला तो इथंच. दुसऱ्या वेळी क्लॅम्प आणि पट्टी यांच्यामध्ये ७ सेंटिमीटर जाडीचा सरळ वासा ठेवला. आता ५ अधिक ७ म्हणजे १२, दोन्ही बाजू मिळून २४. पाच क्लॅम्प गुणिले २४ म्हणजे बरोबर १२० सेंटिमीटर!

दुसरा प्रयत्न

या वेळी पट्ट्या खोलीतच आडव्या रिपा घालून, हवा खेळती ठेवून रचल्या. एका तुकड्याचं वजन मुलं दर आठवड्याला नोंदवत होती. ते बदलायचं थांबल्यावरच काम सुरू केलं. ज्यांच्या टोकावर वलयं उभी दिसतात अशा, म्हणजे त्रिज्येच्या दिशेनं कापलेल्या पट्ट्या शक्य तितक्या निवडल्या. सकाळी कडा रंधल्या आणि दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरल्या. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा. मग डिंक न लावता एकदा सगळे क्लॅम्प आवळून पाहिले, कारण कोरड्या हवेत डिंक लावल्यावर हाताशी पाच-दहा मिनिटंच असतात. तीन-तीन पट्ट्यांचे चार गट केले आणि वाळल्यावर ते जोडले. क्लॅम्प एक वरून, एक खालून असे लावले, नाहीतर फळीला बाक येतो. सांध्याच्या पूर्ण लांबीत डिंकाचे बारीक मणी बाहेर आले की पुरेसा डिंक लागला असं समजायचं. अकरा सांध्यांना जेमतेम १०० ग्रॅम डिंक लागला. क्लॅम्प रात्रभर ठेवले आणि चोवीस तास फळीवर काम केलं नाही. हे काम पहाटेच्या थंडीत करू नये. निफाडकडं हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा डिंकाचे कण एकजीव न होता खडूसारखी पांढरी पूड उरते.

सर्वांत महत्त्वाचा बदल चौकटीत केला. मधल्या ओळीतले स्क्रू घट्ट ठेवले. कडेच्या स्क्रूंसाठी मात्र लोखंडात गोल भोकांऐवजी आडव्या, लांबट खाचा पाडल्या. फळी खाली धरलेली राहते, पण आत-बाहेर सरकू शकते.

वर्गात करून पाहा

१. एकाच फळीतून दोन पट्ट्या कापा, एक तंतूंच्या दिशेनं आणि एक आडवी. दोन्हींची लांबी आणि वजन ऑगस्टमध्ये व एप्रिलमध्ये मोजा. कोणती बदलली?

२. ताज्या आणि जुन्या रंधलेल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकून तो पसरायला लागणारा वेळ मोजा.

३. तुकड्यांच्या तीन जोड्या चिकटवा : एक दाबून, एक नुसती ठेवून, एक मध्ये कागदाचा जाड कपटा घालून फट ठेवून. दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी स्वतः पटाशीनं सांधा फोडावा आणि मुलांनी भिंगातून पाहावं : तंतू फाटले की डिंक सुटला? किती टक्के भागावर?

नवी फळी त्यानंतरचे उन्हाळे-पावसाळे पाहूनही अखंड आहे. मुलांनी चौकटीच्या अँगलवर फळीच्या कडेशी पेन्सिलनं दोन रेघा मारल्या आहेत, एक ऑगस्टची आणि एक एप्रिलची. दोन्हींमध्ये स्पष्ट अंतर आहे. दर वर्षी नवी तुकडी आली की शिक्षक त्यांना ते अंतर मोजायला लावतात आणि विचारतात, "हे शंभर वर्षांचं लाकूड आहे. मग ते अजून का हलतंय?" प्रश्न माझाच आहे, फक्त आता तो बरोबर विचारला जातो.